म्हसकरांना शिसारी यायची

म्हसकर गेल्याचं मला संगीत फेस्टिवलच्या ग्रुपवरच्या ज्या संदेशातून कळलं, त्यात त्यांच्याबद्दल तीन गोष्टी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या दोन खोट्या होत्या. ‘आपले सर्वांत ज्येष्ठ चाहते’, ‘सदैव हसतमुख’, ‘प्रत्येक बँडला मनापासून दाद देणारे’. खाली फोटो होता. म्हसकरांच्या डोक्यामागे एका शीतपेयाची जाहिरात दिसत होती, आणि फोटो असा कापला होता की जाहिरात पूर्ण यावी, म्हसकरांचा उजवा कान गेला तरी चालेल. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येत होती.

मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. हातातला घास परत ताटात ठेवला. वाईट नंतर वाटलं. आधी किळस आली.

ज्येष्ठ ते होतेच, सत्तरी ओलांडलेले. पण हसतमुख? कोलकात्यातल्या माझ्या पाच वर्षांत त्या फेस्टिवलला मी त्यांना एकदाही हसताना पाहिलं नाही. आणि दाद म्हणाल तर त्यांच्या तोंडून ऐकलेली सगळ्यांत मोठी स्तुती अशी होती: “बरं होतं. म्हणजे सहन झालं.”

मी मूळची नाशिकची. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे बदली होऊन कोलकात्याच्या न्यू टाउनला येऊन पडले. तिथल्या काचेच्या इमारती नाशिकच्या असत्या तरी कुणाला फरक पडला नसता. मला प्रोग्रेसिव्ह रॉक आवडायचं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना समजावणं अवघड आहे. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स सगळं इतर रॉकसारखंच, पण एकेक रचना वीस-पंचवीस मिनिटांची, मध्येच मात्रा बदलणार, मध्येच सगळं थांबणार, गाणारा माणूस अर्धा वेळ नुसता उभा. म्हसकरांची व्याख्या सोपी होती: “ज्याच्यावर लग्नात नाचता येत नाही ते.”

शहराच्या जुन्या भागात, बागबाजारमध्ये, एका क्लबाच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात दोन दुपारी या संगीताचा छोटा फेस्टिवल भरतो, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं आणि मी एकटीच गेले. शंभरेक माणसं, त्यातली निम्मी बँडवाल्यांची नातेवाईक. लाकडी खुर्च्या. भिंतींना ओल आलेली. स्वच्छतागृह एकच होतं, त्याबद्दल मी लिहिणार नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ बसले होते. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, आपल्याकडे तबला शिकलेली माणसं मात्रा मोजतात तसा. बँड सात मात्रांत वाजवत होता आणि त्यांच्या शेजारचा माणूस आनंदाने चारात टाळ्या वाजवत होता. काही वेळ त्यांनी सोसलं. मग वळून त्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि बंगालीत म्हणाले, “दादा, तुम्ही त्या ड्रमरला मारताय.”

त्याचे हात सोडून, रुमालाने स्वतःचे हात पुसत ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले, “शिसारी आली.”

मी खुदकन हसले. ते मागे वळले.

“मराठी?”

“हो. नाशिकची.”

“मग निदान तू तरी टाळ्या वाजवू नकोस,” असं म्हणून ते पुन्हा समोर वळले. आमची ओळख झाली ती अशी.

शिसारी हा शब्द ते रोज वापरायचे, आणि अगदी खरा वापरायचे. त्यांचा वरचा ओठ नाकाकडे ओढला जायचा, मान थोडी मागे जायची. हॉलमध्ये फोन वर धरून चित्रण करणाऱ्यांची त्यांना शिसारी यायची. गिटार वाजवताना डोळे मिटून तोंड वेडंवाकडं करणाऱ्यांची यायची. “पोटात कळ आली तर डॉक्टरकडे जावं, स्टेजवर कशाला?” एकदा कीबोर्डच्या अगदी हळू चाललेल्या भागात एक जण कागदाचा चुरचुर आवाज करत एग रोल खात होता. म्हसकर उठले, त्याच्या हातातून तो रोल काढून घेतला आणि पुढची अकरा मिनिटं तो आपल्या हातात सरळ, पणतीसारखा धरून बसले. रचना संपल्यावर नेऊन परत दिला. “थंड झालाय,” ते म्हणाले, “पण वाजवत होते तेही थंडच होतं.” तो माणूस भांडायचंच विसरला.

बागबाजारमधली माणसं त्यांना ‘मॉश्कोर-दा’ म्हणत. चिडली की ‘बोर्गी’ म्हणत, म्हणजे बंगालवर धाडी घालणारे जुन्या काळचे मराठे घोडेस्वार. मराठ्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खणला तो याच वस्तीपासून सुरू झाला होता, आणि म्हसकर बरोबर तिथेच दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. “खंदक बुजला म्हणून आत येता आलं,” ते म्हणत. सरकारी बँकेत अधिकारी होते. बदलीवर आले आणि मग बढत्या नाकारत राहिले, कारण बढती म्हणजे पुन्हा बदली. घरी सगळ्यांना वाटलं की त्यांना मासे आवडले असावेत. खरं कारण तपनदा होते.

तपनदा त्यांच्याच शाखेत कॅशियर होते आणि कामाचे तास संपले की ड्रम्स वाजवायचे. बारीक, कुरळ्या केसांचे, सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारखे हसणारे. फेस्टिवल सुरू केला तो त्यांनी आणि त्यांच्या बँडमधल्या तिघांनी. म्हसकर त्या कामात कधीच पडले नाहीत. “मी चाहता आहे,” ते म्हणायचे, “चाहत्याने ऐकावं आणि तक्रार करावी.” पण दर शनिवारी दुपारी तपनदांच्या घरी सराव असायचा आणि तिथे कोपऱ्यातल्या मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या बैठकीवर, म्हसकर असायचेच. वीस वर्षं, एक शनिवार न चुकता.

पुढे मीही कधीकधी त्या सरावाला जाऊ लागले. सात मात्रा कशा ऐकायच्या ते मला म्हसकरांनी शिकवलं. “चिपळूण-रत्नागिरी,” ते मांडीवर थाप देत म्हणाले. “चि-प-ळूण, तीन. र-त्ना-गि-री, चार. म्हणत राहा, हरवणार नाहीस.” पाचासाठी सातारा-वाई होतं. गंमत म्हणजे बँडमधले सगळे बंगालीही तसंच मोजायचे. तपनदा नवा भाग सुरू करताना काठ्या आपटून गंभीरपणे म्हणायचे, “चिपलून रॉत्नागिरी, चिपलून रॉत्नागिरी,” आणि गिटारवाला आत यायचा. ही गावं कुठे आहेत हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

म्हसकरांच्या पत्नी सुमनकाकूंना या संगीताचा मनापासून कंटाळा होता. मी घरी गेले की त्या साबुदाण्याची खिचडी करायच्या आणि म्हणायच्या, “बाई, तुझं वय काय, तू हे कशाला ऐकतेस? यांचं ठीक आहे, यांना कशानेच आनंद होत नाही.” म्हसकर आतून ओरडायचे, “होतो! लांबाने होतो!”

लांबा म्हणजे तपनदांची एकतीस मिनिटांची रचना. तिला नाव नव्हतं, लांबलचक म्हणून सगळे नुसतं लांबा म्हणायचे. वर्षानुवर्षं त्यात भर पडत गेली होती. पहिली बारा मिनिटं सगळे मिळून नुसता गोंगाट करतात, चिडलेला, अडखळणारा. मग एकदम सगळं थांबतं आणि तपनदा एकटेच, काठ्या बाजूला ठेवून, बोटांनी ड्रम वाजवायला लागतात. हळूहळू कीबोर्ड येतो. तिथून पुढे जे होतं ते मी दोन वेळा त्या खोलीत ऐकलं. दोन्ही वेळा म्हसकर भिंतीकडे तोंड करून बसले होते. लोकांसमोर ती कधीच पूर्ण वाजली नव्हती. कधी वीज गेली, कधी कीबोर्डवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि कित्येक वर्षांनी परत आला.

मग रोहन आला. तिशीतला, भराभर बोलणारा, कार्यक्रम भरवण्याची कंपनी चालवणारा. त्याने तपनदांना सांगितलं की फेस्टिवलला ‘मोठं व्यासपीठ’ मिळायला हवं. तपनदा थकले होते, हॉलच्या क्लबाशी दर वर्षी भांडून जेरीस आले होते. हो म्हणाले. फेस्टिवल बागबाजारहून उचलून न्यू टाउनच्या एका मैदानात नेला गेला. माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर, त्यामुळे मी आयोजकांच्या समितीत आले. गळ्यात अडकवायला कार्ड मिळालं. मला ते आवडलं होतं, हे इथे लिहून टाकते.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधीच्या बैठकीत रोहन म्हणाला, “त्या काकांच्या बँडला बारा मिनिटं. नंतर लगेच मोबाईलची सोडत आहे, प्रायोजकाची अट आहे ती.”

“त्यांची रचना एकतीस मिनिटांची आहे,” मी म्हणाले.

“कोण ऐकतं एकतीस मिनिटं? तू त्यांच्या जवळची आहेस ना, तूच सांग त्यांना.”

मी ‘सांगते’ म्हटलं. सांगितलं नाही. त्या शनिवारी सरावाला गेले तेव्हा तपनदांनी नवीन शर्ट दाखवला. म्हसकरांनी विचारलं, “सगळं ठरल्याप्रमाणे आहे ना? पूर्ण वाजणार ना?” मी म्हटलं, “हो काका.” मला वाटत होतं, आयत्या वेळी रोहनला पटवता येईल. खरं सांगायचं तर मला तसं वाटतही नव्हतं. मला फक्त त्या खोलीत त्या क्षणी वाईट ठरायचं नव्हतं.

त्या दिवशीचं मैदान मला आजही डोळ्यांसमोरून घालवता येत नाही. प्रवेशद्वारावर फुग्यांची कमान. फोटो काढायला पंखांचं चित्र काढलेली भिंत. तळणाचा वास, उन्हात वितळलेलं आइस्क्रीम, चिकट गवत. लोक स्टेजकडे पाठ करून एकमेकांचे फोटो काढत होते. सूत्रसंचालक दर पाच मिनिटांनी ओरडत होता, “कोलकाता, आवाज कुठे आहे?” आणि आवाज सगळीकडे होता, फक्त संगीताचा नव्हता. म्हसकर पहिल्या रांगेत बसले होते, नेहमीचा पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर. मला वाटलं, ते आत्ता काहीतरी बोलतील, कुणाचा तरी हात धरतील. पण हात गुडघ्यांवरच राहिले. तपनदांसाठी सगळं गिळत होते.

साडेचारला तपनदांचा बँड स्टेजवर आला. चौघांची मिळून वयं अडीचशेच्या घरात. पहिली बारा मिनिटं त्यांनी जीव तोडून वाजवली. मागे कुणीतरी शिट्ट्या मारत होतं, “आंकल रॉक्स!” मग ठरल्याप्रमाणे सगळं थांबलं. तपनदांनी काठ्या बाजूला ठेवल्या, घाम पुसला आणि बोटं ड्रमवर टेकवली.

आणि माईक बंद झाले. सूत्रसंचालक उड्या मारत स्टेजवर आला. “थँक यू, काका! टाळ्या होऊन जाऊ द्या! आणि आता ज्याची सगळे वाट बघताय तो मोबाईल!” लोकांनी खरोखरच प्रचंड आरडाओरड केली. तपनदांना काही कळलं नव्हतं. ते तसेच वाजवत राहिले, आवाज न येणारी बोटं, चांगलं अर्धं मिनिट. मग गिटारवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तपनदांनी वर बघितलं आणि हसले, तेच माफी मागितल्यासारखं हसू. सूत्रसंचालकाने त्यांच्यासमोर चिठ्ठ्यांचं भांडं धरलं. “पहिली चिठ्ठी आमचे ड्रमर आजोबा काढतील!” आणि त्यांनी काढली. बिचाऱ्यांनी काढली.

म्हसकर उठले. रोहन माझ्या कानाशी कुजबुजला, “हे म्हातारे आता तमाशा करणार.” पण ते स्टेजकडे गेलेच नाहीत. स्टेजच्या मागे, जिथे जनरेटर होता तिकडे चालत गेले. मी धावले. ते एका खांबाला धरून वाकले होते आणि त्यांना उलटी होत होती. पांढऱ्या शर्टाच्या पुढच्या बाजूवर सगळे डाग. मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांनी चूळ भरली, तोंड धुतलं, बराच वेळ श्वास घेत उभे राहिले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“आठ दिवस.”

त्यांनी मान हलवली, एखादी तारीख पक्की व्हावी तशी. बाटली मला परत दिली. “धुऊन घे,” म्हणाले, “मी तोंड लावलंय.” मग ते स्टेजवर जाऊन तपनदांच्या झांजा खोलू लागले. मोबाईल जिंकणारी मुलगी शेजारीच किंचाळत होती, आणि ते एकेक झांज कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होते.

त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. मीही केला नाही. समितीतून बाहेर पडले, पण तेही धीटपणे नाही. ‘कामाचा ताण आहे’ असं कळवून. रोहनने कार्यक्रमाची चित्रफीत पाठवली, त्यात तपनदा चिठ्ठी काढताना हसत होते आणि खाली लिहिलं होतं, ‘संगीताला वय नसतं’. मी ती पुसून टाकली. फोन धुता आला असता तर धुतला असता.

सहा-सात महिन्यांनी माझी पुण्याला बदली ठरली. निरोप न घेता जाणं मला जमेना. एका शनिवारी दुपारी बागबाजारला गेले. दार सुमनकाकूंनी उघडलं. त्या म्हणाल्या, “ते तपनकडे आहेत. रोजच असतात. त्याला झटका आला ना. तुला कुणी कळवलं नाही?”

मला कुणी कळवलं नव्हतं. कळवावं असं मी काही केलंही नव्हतं.

“उजवी बाजू गेली आहे,” काकू म्हणाल्या. “बायको नाही, मुलगी बाहेरगावी. सकाळी बाई येते. दुपारी हे. जा तू, दार उघडंच असतं.”

तपनदांच्या घराचा जिना मी कितीतरी वेळा चढले होते, पण वास वेगळा होता. खोलीच्या दारातच तो अंगावर आला: औषध, आंबलेलं दूध आणि माणसाच्या अंगाखालची घाण. ड्रम्स एका बाजूला चादरीखाली होते. खाटेवर तपनदा कुशीवर वळवलेले, आणि म्हसकर बाह्या वर करून त्यांना पुसत होते. खालची चादर खराब झाली होती, म्हसकरांचे हात मनगटापर्यंत भरले होते. मी नाकावर ओढणी धरली.

म्हसकरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा अगदी साधा होता, खात्यातली बेरीज जुळवताना असावा तसा.

“काका,” मी दारातूनच म्हणाले, “त्या दिवशी मी...”

“नंतर,” ते म्हणाले. “त्या बादलीतलं पाणी बदल. कोमट आण. गॅस डाव्या हाताला आहे.”

मी बादली उचलली. पाण्याकडे न बघता ती मोरीत ओतली आणि तिथेच दोनदा कोरडे उमासे आले. मी नळ मोठा सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पाणी तापायला ठेवलं. भिंतीपलीकडून म्हसकरांचं बोलणं ऐकू येत होतं, मराठी ळ मिसळलेल्या त्यांच्या बंगालीतलं: “आता या कुशीवर. घाई नाही. माझ्या मानेला धर. तो नाही, चांगला हात. हां.” तपनदांचा आवाज घशात अडकत होता, शब्द लागत नव्हते. म्हसकरांना ते लागत असावेत, कारण ते उत्तर देत होते. “नाही रे, कसला त्रास. गप्प पड.”

मी परत आले तेव्हा चादर बदललेली होती. तपनदांना उशीला टेकवून बसवलं होतं, अंगात धुतलेला बनियन. म्हसकर त्यांच्यासमोर खाटेच्या कडेवर बसून, ओला कंगवा घेऊन त्यांचे कुरळे, पांढरे झालेले केस विंचरत होते. भांग पाडत होते आणि तो बसत नव्हता.

“कुठल्या बाजूला पाडतोस रे?” त्यांनी विचारलं.

तपनदांनी डावा हात कसाबसा उचलून डोक्याच्या डावीकडे नेला.

“मग आधी नाही का सांगायचं,” म्हसकर म्हणाले, आणि सगळे केस पुन्हा मागे घेऊन नव्याने सुरुवात केली. मी बादली त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी माझ्याकडे न बघता ती पायाने खाटेजवळ ओढली, एक बोट पाण्यात बुडवून बघितलं आणि पुन्हा भांगाकडे वळले.